भारतीय अर्थचिंतक आणि त्यांचे पेशे

१८९७ सालच्या एप्रिल महिन्यात लंडन येथे एका राजनियुक्त आयोगापुढे पुण्याचे एक प्राध्यापक साक्ष देण्यासाठी हजर झाले. त्यांचे वय तीस वर्षांचे होते. हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली नेमलेला तो आयोग होता. त्याचे अध्यक्ष लॉर्ड वेल्बी हे ब्रिटिश खजिन्याच्या कचेरीत सर्वोच्च पदापर्यंत चढलेले गृहस्थ. आकड्यांच्या जंगलात वाट कशी काढावी आणि दुसऱ्याची वाट कशी अडवावी, ही विद्या त्यांना पूर्ण अवगत होती. त्यांच्यासमोर बसलेले गोपाळ कृष्ण गोखले हे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकविणारे शिक्षक. त्याच सुमारास साक्ष देणारे दिनशा वाच्छा हे मुंबईच्या गिरणीव्यवसायातले, मद्रासचे जी. सुब्रह्मण्य अय्यर हे वृत्तपत्रकार, आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे सनदी नोकरीतून दूर केले गेलेले व नंतर अध्यापन आणि संपादन करणारे. हिंदी जनतेची बाजू जाणणारे आयोगातील दोन सभासद होते दादाभाई नौरोजी आणि सर विल्यम वेडरबर्न. त्यांपैकी पहिले एकेकाळचे गणिताचे प्राध्यापक व नंतरचे व्यापारी, तर दुसरे मुंबई इलाख्यातील निवृत्त न्यायाधीश.

अर्थशास्त्र हाच ज्याचा पेशा आहे असा एकही मनुष्य या हिंदी बाजूला नव्हता. असणार तरी कोठून? त्या काळी हा विषय शिकून त्यावर पोट भरण्याची सोयच या देशात नव्हती. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तो इतिहासाच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या पदराला बांधून आलेला असे. देशाच्या दारिद्र्याचे मोजमाप ज्यांनी पहिल्याने केले ते शाळेतून, न्यायासनावरून, पेढीवरून किंवा राजदरबारातून आलेले लोक होते. प्रत्येकाने आपल्या पेशाचे हत्यार बरोबर आणले. कोणाला काय दिसले आणि काय दिसले नाही, हेही पुष्कळ अंशी त्या हत्यारावरच ठरले.

दादाभाईंचेच पाहावे. १८२५ साली जन्मलेला हा पारशी तरुण एल्फिन्स्टन संस्थेत गणित व सृष्टिविज्ञान शिकवू लागला. त्या संस्थेत प्राध्यापकपदापर्यंत पोहोचलेला तो पहिला हिंदी मनुष्य. १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार होऊन ते विलायतेस गेले आणि पुढे त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. गणित आणि व्यापार यांचा हा संयोग पुढे फार उपयोगी पडला. देशातून किती माल बाहेर जातो आणि त्याच्या मोबदल्यात किती परत येतो हा प्रश्न प्रत्येक व्यापारी आपल्या वहीत रोज सोडवीत असतो. दादाभाईंनी तोच प्रश्न सबंध हिंदुस्थानच्या वहीला विचारला. जमेपेक्षा नावेच वर्षानुवर्षे अधिक का, याचा शोध घेता घेता त्यांचा संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत उभा राहिला.

गणिताच्या शिक्षकाचा हात त्याहूनही एका बारीक ठिकाणी दिसतो. सरकारी अहवालांत धान्याचा सरासरी भाव देताना जिल्ह्याजिल्ह्याचे भाव एकाखाली एक मांडून त्यांची बेरीज करीत आणि जिल्ह्यांच्या संख्येने तिला भागीत. ज्या जिल्ह्यात भरघोस भात पिकते त्याचा भाव आणि ज्या जिल्ह्यात नावापुरते पिकते त्याचा भाव, दोघांचे वजन सारखेच! मध्यप्रांताचे आकडे घेऊन दादाभाईंनी ही चूक उघडी केली. शाळेतील मुलाने अशी सरासरी काढली असती तर पाटीवर फुली बसली असती. येथे तिच्यावर साम्राज्याची मोहोर होती. मग त्यांनी प्रांतवार लागवडीखालील जमीन, उत्पन्न आणि भाव यांचा गुणाकार करून १८६७-६८ या वर्षासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले आणि त्याशेजारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. गुन्हेगाराला सरकार जे देते तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला जेमतेम येते, असा त्यातून निष्कर्ष निघाला. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर या सरकारी अधिकाऱ्यांनी हा आकडा २७ रुपये ठरविला व १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी ३०. वाद आकड्यांचा होता. परंतु तो वाद घालणे सरकारला भाग पाडले ते एका माजी गणितशिक्षकाने.

या माणसाला राज्यकारभाराची परीक्षाही द्यावी लागली, ती बडोद्यात. मल्हारराव गायकवाडांच्या अखेरच्या काळात, १८७४ साली, दादाभाई दिवाण झाले. एका बाजूला दरबारातील जुनी मंडळी, दुसऱ्या बाजूला रेसिडेंट कर्नल फेर, आणि मधे हिशेब साफ करू पाहणारा दिवाण. हे जमणे कठीणच होते. १८७५ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. त्या वर्षी मल्हारराव पदच्युत झाले आणि बडोद्याची घडी बसविण्यासाठी इंदूरहून सर टी. माधवराव आले. मूळचे तंजावरकडील मराठी घराण्यातले, तारुण्यात मद्रासच्या हिशेब कचेरीत काम केलेले, त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकविता शिकविता तेथील दिवाण झालेले हे गृहस्थ तुकोजीराव होळकरांकडून बडोद्यास आले आणि बालवयातील सयाजीरावांच्या वतीने त्यांनी राज्य चालविले. त्यांनी सिद्धांताचा मोठा ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे अर्थशास्त्र खजिन्याच्या शिलकेत वाचावे लागते.

महादेव गोविंद रानडे यांची गोष्ट वेगळी. त्यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. त्यांचा पेशा न्यायदानाचा. १८७१ साली ते पुण्यास आले तेव्हा सार्वजनिक सभेची स्थापना होऊन वर्ष झाले होते. चारच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगेखोरांना पैसा नको होता, सावकारांच्या जिवावरही सहसा कोणी उठले नाही. त्यांना हवी होती खतपत्रे. ती हाती लागली तेथे जाळण्यात आली. कागदावरचा हा राग सरकारला प्रथम उमगला नाही. चौकशी समिती बसली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जाच्या खताच्या आत शिरून, मूळ रक्कम किती, व्याज किती, व्याजावर व्याज किती, हा सारा इतिहास उकलून पाहण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायाधीशाला दिला. कर्जासाठी कुळाला तुरुंगात टाकण्याची रीतही त्याने बंद केली.

याच कायद्याच्या अंमलबजावणीचे काम रानड्यांच्या वाट्याला आले. ते चार जिल्ह्यांत फिरत, खालच्या न्यायालयांची दप्तरे तपासत. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या फिरतीची वर्णने आली आहेत. एरवी ग्रंथालयात बसून कर्जबाजारीपणावर लिहिणारा पंडित जे सर्वसाधारण विधान करतो, त्यामागची खाती रानड्यांच्या हाताखालून जात होती. त्यामुळे सावकार दुष्ट म्हणून शेतकरी बुडाला, या सरकारी समजुतीवर त्यांचा विश्वास बसेना. सारा ठराविक तारखेला रोख भरायचा, पीक मात्र पावसाच्या मर्जीवर, आणि मधली तूट भरून काढायला सावकारावाचून दुसरा कोणी नाही, अशी ती रचना होती. सावकाराचे हात बांधायचे तर त्याच्या जागी पतपेढी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. वेडरबर्न साहेबांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढीचा प्रयोग करण्याची योजना पुढे आणली तेव्हा रानड्यांनी तिला पाठिंबा दिला. हिंदुस्थान सरकारही अनुकूल झाले होते. विलायतेतील भारतमंत्र्यांनी ती योजना फेटाळली.

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी ग्रंथांतील अर्थनियम सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात, या मताचे त्यांनी तेथे खंडन केले. त्यासाठी जर्मन ग्रंथकार लिस्ट याचा आधार त्यांना होता हे खरे. परंतु न्यायाधीशाची सवय त्याहून जुनी होती. कायद्याचे कलम एकच असले तरी खटला प्रत्येक वेळी निराळा असतो आणि पुरावा पाहिल्यावाचून निकाल देता येत नाही. रानड्यांनी रिकार्डोच्या शास्त्राला हाच न्याय लावला.

सरकारी नोकरीचा मोबदलाही त्यांना द्यावा लागला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास त्यांची बदली पुण्याहून नाशिकला आणि तेथून धुळ्याला झाली. त्यांच्यावर सरकारची नजर होती. १८७८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे कितीतरी लेख नावावाचून छापले गेले.

नाव न घालता लिहिण्याची ही पाळी ज्यांच्यावर सर्वांत कठोरपणे आली ते गणेश व्यंकटेश जोशी. आज हे नाव ठाऊक असणारे वाचक थोडे असतील. १८५१ साली जन्मलेले जोशी सरकारी शाळांत शिक्षक होते. सोलापूरच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून ते ओळखले जात. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि आयात-निर्यातीची कोष्टके पिंजून काढावीत, असा त्यांचा क्रम. सारावाढ, लष्करी खर्च, रेल्वेचा तोटा या विषयांवरचे त्यांचे लेख त्रैमासिकात निघत. खाली सही नसे. सरकारचा पगार घेणाऱ्या मास्तराने सरकारच्याच आकड्यांनी सरकारचे माप काढावे, हा त्यातला विशेष. त्यांचे लेख आणि भाषणे यांचा जाडजूड संग्रह पुण्यास १९१२ साली छापला गेला, तो त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. रानड्यांना पुतळे मिळाले, गोखल्यांच्या नावाने संस्था निघाल्या. ज्यांच्या टिपणांवर दोघेही विसंबले त्या मुख्याध्यापकांना मात्र ग्रंथालयाचा कोपरा मिळाला.

वेल्बी आयोगापुढील साक्षीची तयारी करताना गोखले जोशींकडूनच आकड्यांची शिकवणी घेत होते. गोखल्यांचा मूळ हातखंडाही शिक्षकाचाच. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय समोर येईल तो त्यांनी शिकविला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. १९०२ सालच्या २६ मार्चला कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर प्रथम बोलले, तेव्हा सभागृह शिलकेच्या आनंदात होते. लागोपाठ वर्षे कोट्यवधींची शिल्लक पडत होती आणि देश सुखी असल्याचा तोच पुरावा मानला जात होता. गोखल्यांनी वर्गात फळ्यावर रीत सोडवून दाखवावी तसे दाखविले की, ही शिल्लक सुबत्तेची नव्हे. रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने १६ पेन्सांवर नेल्यामुळे विलायतेस पाठवावयाच्या रकमेत बचत झाली. कर मात्र रुपया पडला होता तेव्हाच्या चढ्या दरानेच वसूल होत राहिले. लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा म्हणजे ही शिल्लक. मीठ हा गरिबाच्या भाकरीबरोबरचा एकच पदार्थ. त्यावरचा कर त्यांनी विशेष धरून ठेवला. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. त्याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण दरवर्षी मार्च महिन्यात हा मास्तर उठून तोच हिशेब पुन्हा विचारणार, याची धास्ती अर्थखात्याला होती, हेही नाकारता येत नाही.

येथवरची मंडळी इंग्रजी शिकलेली, शहरातली, आणि दादाभाई, वाच्छा व वेडरबर्न वगळले तर बहुतेक ब्राह्मण. न्यायालयात कुळ येते, कारण त्याच्या नावावर जमीन असते; ज्याला जमीनच नाही तो न्यायाधीशाला दिसत नाही. सरकारी अहवालात महसूल दिसतो. तो वसूल करताना गावचा कुळकर्णी आणि कचेरीतला कारकून काय करतो ते दिसत नाही. हे पाहण्यासाठी निराळ्या पेशाचा मनुष्य लागला. जोतीराव फुले हे सरकारी बांधकामांचे ठेकेदार होते; खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. मजुराचा रोज, चुन्याचा भाव, इंजिनियरच्या हाताखालच्या माणसाची टक्केवारी, या गोष्टी त्यांना कोणत्याही अहवालावाचून ठाऊक होत्या. १८८३ साली पुरा झालेला त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ रानड्यांच्या निबंधांशेजारी ठेवून वाचला म्हणजे एकाच दख्खनची दोन चित्रे दिसतात. धरण झाले, कालवा आला; परंतु शेतापर्यंत मोजून पाणी देणारी तोटी का बसली नाही, हा प्रश्न ठेकेदारालाच सुचतो. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालावेत, रिकाम्या बसलेल्या लष्करी व पोलिसी हातांकडून ते घालून घ्यावेत, पावसाने वाहून जाणारी माती शेतातच राहावी, असे उपाय त्यांनी मांडले. या ग्रंथाचे वाचन त्यांनी ठिकठिकाणी केले आणि बडोद्यात तरुण सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. संपूर्ण ग्रंथ मात्र फुल्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

बडोद्याचा उल्लेख असा वारंवार येतो, तो योगायोग नव्हे. ब्रिटिश मुलुखात हिंदी अर्थचिंतकाला टीका करता येई, कारभार करता येत नसे. संस्थानात कारभार करता येई. रमेशचंद्र दत्त यांनी हे दोन्ही अनुभवले. १८६९ साली सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले दत्त बंगालमध्ये जिल्हाधिकारी होते, पुढे विभागाचे आयुक्त झाले आणि १८९७ साली निवृत्त झाले. मराठी वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की, या सनदी अधिकाऱ्याने १८७८ साली शिवकालावर ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही बंगाली कादंबरी लिहिली होती. निवृत्तीनंतर त्यांनी जमीनमहसुलावर लॉर्ड कर्झन यांना उघड पत्रे लिहिली. सरकारला १९०२ साली त्यांना उत्तर म्हणून सविस्तर ठराव प्रसिद्ध करावा लागला. त्याच सुमारास त्यांचा हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचा पहिला खंड निघाला. सारा ठरविणाऱ्या यंत्रात पाव शतक काम केलेल्या माणसाचे ते लिखाण असल्यामुळे त्याला अनभिज्ञ म्हणणे सरकारला जमले नाही. १९०४ साली सयाजीरावांनी त्यांना महसूलमंत्री म्हणून बडोद्यास आणले. १९०९ साली ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच वारले.

चारच वर्षांनी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर अमेरिकेस गेले. लष्करातील सुभेदाराचा हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला. वर सांगितलेल्या मंडळींपैकी कोणीही हा विषय रीतसर विद्यापीठात शिकून पदवी घेतलेली नव्हती. पेशा म्हणून अर्थशास्त्र येथे प्रथम दृष्टीस पडते. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून त्यांनी काही दिवस काढले; ते कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दुसरे कोणी आसरा देईना. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले आणि मुंबईस परतले. पुढच्याच वर्षी लहान शेतांच्या प्रश्नावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शेताचे तुकडे एकत्र करण्याची जी सूचना बडोद्याच्या समितीने केली होती तिची त्यात त्यांनी चिकित्सा केली. शेत लहान हा रोग नव्हे. त्यावर राबणाऱ्या हातांना दुसरे काम नाही आणि त्या हातांत अवजार नाही, हा रोग. त्याचा उपाय कारखानदारीत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. निबंधात संतापाचा एक शब्द नाही. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनला निघाला, आणि १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी शिक्षणातील साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

पेशेवर अर्थशास्त्रज्ञ तयार होऊ लागल्यावरही बाहेरून येणाऱ्यांची वाट बंद झाली नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले स्थापत्यतज्ज्ञ. १९०८ सालच्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद शहराला पुरापासून वाचविण्याची योजना त्यांनी आखली आणि १९३४ साली देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्यात दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याचा आराखडा होता. आराखडा हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळविणारे विद्यार्थी. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले व १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री.

१९३० साली साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि तिचे संचालक म्हणून धनंजयराव गाडगीळ आले. केंब्रिजचा प्रबंध लिहून आलेले, सुरतेस प्राचार्यपद भूषविलेले गाडगीळ हे पूर्णपणे पेशेवर अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या संस्थेतील लोक गावोगाव पाहणीसाठी हिंडू लागले. रानड्यांना जी माहिती दप्तरातून मिळे ती आता शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून लिहून घेतली जाऊ लागली. १९५० साली नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्याभोवतीच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा अध्यक्ष म्हणून त्यांनी गाडगीळांनाच बोलाविले. ज्या जिल्ह्यात पाऊणशे वर्षांपूर्वी खते जाळली गेली, तेथे शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा झाले होते, आणि कर्जासाठी पतसंस्थांपुढे ठेवावयाच्या कागदांवर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची सही होती.